चेहरा ताणण्याच्या शस्त्रक्रियातंत्रांची तुलना : निकषांचा चिकित्सक विचार

बीजसंज्ञा : सुघटन शस्त्रक्रिया, फेसलिफ्ट, स्मास, डीप प्लेन, तुलनेचे निकष, पुणे १७९४.

प्रस्तावना

डहाणू तालुक्यातील गंजाड हे गाव जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांच्यामुळे कलाविश्वाला परिचित झाले. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळविणाऱ्या या वारली चित्रकाराच्या चित्रांतील माणूस दोन त्रिकोण, काही रेषा आणि डोक्याच्या जागी एक लहानसे वर्तुळ एवढ्यातून उभा राहतो. त्या वर्तुळात बहुधा नाक नसते, डोळे नसतात, सुरकुत्याही नसतात. माणूस पेरणी करतो आहे की तारप्याभोवती नाचतो आहे, हे त्याच्या देहाच्या हालचालीवरून कळते. माणसाची ओळख चेहऱ्यावाचून पूर्ण होऊ शकते, असे मानणारी ही दृश्यपरंपरा आहे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला फेसलिफ्ट, म्हणजे ओघळलेला चेहरा ताणून व उचलून बसविण्याची शस्त्रक्रिया उभी आहे. वय चेहऱ्यावर लिहिले जाते आणि ते तेथून काही अंशी पुसता येते, हे तिचे गृहीत आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत या शस्त्रक्रियेची अनेक तंत्रे पुढे आली. प्रत्येक तंत्राच्या प्रवर्तकाने ते आधीच्या तंत्राहून सरस असल्याचे प्रतिपादन केले. ही प्रतिपादने कोणत्या निकषांवर उभी आहेत आणि ते निकष कोणी ठरविले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शल्यचिकित्सेतील तुलना हा केवळ वैद्यकाचा विषय नाही. पुरावा कशाला म्हणावे, हा प्रश्न सर्व ज्ञानशाखांना समान आहे. म्हणून बहुविद्याशाखीय वाचकांपुढे तो मांडणे उचित ठरते.

विवेचनाचा आरंभ महाराष्ट्रातील एका जुन्या नोंदीपासून केला आहे. ती नोंद फेसलिफ्टची नाही, नाकाच्या पुनर्रचनेची आहे. तथापि चेहऱ्यावरील शस्त्रक्रियातंत्रांची तुलना कशी करावी आणि कशी करू नये, हे दोन्ही तिच्यातून शिकता येते.

पुण्याची नोंद : १७९४

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या नियतकालिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात 'बी. एल.' अशा आद्याक्षरांनी सही केलेले एक पत्र प्रसिद्ध झाले. कावसजी नावाचा, शेतकरी जातीचा मराठा म्हणून वर्णिलेला मनुष्य १७९२ च्या युद्धात इंग्रजी सैन्यात बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर नाकाविना राहिल्यानंतर पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो यांच्यासह दोन वैद्यांनी अशी शस्त्रक्रिया पाहिल्याचे पत्रात म्हटले आहे.

पत्रातील कृतीचे वर्णन नेमके आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून आकार घ्यावयाचा, तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याभोवती रेघ आखावयाची. त्या रेघेने त्वचा सोडवावयाची, मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवावयाची. ही पट्टी म्हणजे त्या कातडीचा रक्तपुरवठा. मग त्वचा अर्धा पीळ देऊन खाली आणावयाची आणि नाकाच्या खुंटाभोवती घेतलेल्या छेदात तिच्या कडा बसवावयाच्या. कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावावयाचा व त्या पट्ट्या जखमेवर ठेवावयाच्या. चार दिवसांनंतर त्या काढून तुपात भिजविलेली फडकी ठेवावयाची. साधारण पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापावयाची.

या तंत्राची तुलना अन्य दोन तंत्रांशी करता येते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नाकाच्या मापाचे झाडाचे पान घेऊन त्या मापाने गालावरील मांस, जोडलेले ठेवून, उचलण्याची कृती सांगितली आहे. इटलीतील बोलोन्या येथील गास्पारे तालियाकोत्सी यांनी १५९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दंडावरील त्वचा वापरण्याची पद्धत आहे. तीत रुग्णाचा हात चेहऱ्याशी बांधून कित्येक दिवस तसाच ठेवावा लागे. तिन्ही पद्धतींचे तत्त्व एकच आहे : नव्या जागी रुजेपर्यंत कातडी मूळ जागेच्या रक्तावर जगली पाहिजे. फरक आहे तो किंमतीत. गालाच्या पद्धतीत व्रण गालावर राहतो. दंडाच्या पद्धतीत चेहऱ्यावर नवा व्रण होत नाही, पण रुग्णाला असह्य अवस्थेत दिवस काढावे लागतात. कपाळाच्या पद्धतीत कपाळावर व्रण राहतो, परंतु त्वचा भरपूर मिळते, रक्तपुरवठा भक्कम असतो आणि रुग्णाचे हातपाय मोकळे राहतात. म्हणजे 'कोणते तंत्र श्रेष्ठ' या प्रश्नाला येथेही एकच उत्तर नाही. कोणता व्रण, किती काळाचा त्रास आणि कोणता धोका पत्करावयाचा, यावर उत्तर अवलंबून आहे.

या नोंदीचा उल्लेख आपल्याकडे बहुधा अभिमानापोटी होतो. प्लास्टिक सर्जरीचा उगम भारतात झाला, एवढे सांगून लेखक थांबतात. असा अभिमान अस्थानी नाही, पण तो चिकित्सेची जागा घेऊ शकत नाही. सुश्रुताचे तंत्र गालाचे आहे आणि पुण्याचे कपाळाचे. या दोहोंमध्ये अखंड परंपरा गृहीत धरताना हा भेद दृष्टिआड करता येत नाही. दुसरे असे की, ही शस्त्रक्रिया जवळजवळ नेहमीच यशस्वी होते, असे पत्रलेखक सांगतो. किती जणांवर ती झाली, किती फसल्या, याचा हिशेब त्यात नाही. तिसरी उणीव सर्वांत बोलकी आहे. रुग्णाचे नाव पत्रात आहे, पाहणाऱ्या वैद्यांची नावे आहेत, परंतु ज्याच्या हातांनी हे नाक घडले त्या कारागिराचे नाव नाही. आणि नाव असलेल्या कावसजीचे या नाकाविषयी स्वतःचे मत काय होते, हेही नाही. 'नाक कापले जाणे' हा मराठीत अब्रू जाण्याचा वाक्प्रचार आहे. कावसजीच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरला होता. नवे नाक मिळाल्यावर त्याची गेलेली प्रतिष्ठा परत आली का, हा त्याच्या दृष्टीने मुख्य निकष असणार. तोच नोंदीत नाही.

लंडनचे शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी या पद्धतीने २३ ऑक्टोबर १८१४ रोजी पहिली शस्त्रक्रिया केली. १८१६ मध्ये त्यांनी दोन रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. एका पत्रातील चमत्कारिक हकिकत अन्य हातांनी, अन्य ठिकाणी पडताळून पाहिली गेली, हे या वृत्तान्ताचे महत्त्व आहे. तंत्राची प्रसिद्धी आणि तंत्राची परीक्षा यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

फेसलिफ्टची प्रमुख तंत्रे

पुण्याच्या शस्त्रक्रियेत गेलेला अवयव परत द्यावयाचा होता. फेसलिफ्टमध्ये अवयव जागेवर असतो, केवळ तो वयपरत्वे खाली सरकलेला असतो. त्यामुळे यशाचा निकष अधिकच अस्पष्ट होतो. नाक आहे की नाही, हे कोणीही सांगू शकतो. चेहरा पुरेसा तरुण दिसतो की नाही, हे कोणी सांगावयाचे?

आरंभीचे तंत्र केवळ त्वचेचे होते. बर्लिनचे ऑयगेन होलेंडर यांनी १९०१ मध्ये अशी शस्त्रक्रिया केल्याचे स्वतःच पुढे नोंदविले. कानापुढे व केसांच्या कडेला त्वचेच्या पट्ट्या कापून कडा शिवणे, असे या पहिल्या प्रयत्नांचे स्वरूप होते. पुढे त्वचा खालच्या थरापासून दूरवर सोडवून ताणण्याची पद्धत रूढ झाली. तिची मर्यादा उघड होती. त्वचा स्वभावतः ताणली जाणारी आहे. सर्व भार तिच्यावरच टाकला की काही काळाने ती पुन्हा सैल पडते. भार अधिक ठेवल्यास व्रण रुंदावतो, कानाची पाळी खाली ओढली जाते आणि चेहरा ओढून बसविल्यासारखा दिसतो.

दुसरा टप्पा त्वचेखालील थराचा आहे. स्वीडनचे टोर्ड स्कूग यांनी १९७४ मध्ये त्वचा व तिच्याखालील आवरण एकत्र उचलण्याचे तंत्र मांडले. १९७६ मध्ये मिट्झ व पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी चेहऱ्याच्या स्नायूंना जोडणाऱ्या तंतुमय थराचे शरीररचनात्मक वर्णन केले. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो 'स्मास' म्हणून ओळखला जातो. ताण या थराने सोसावा आणि त्वचा नुसती सैलसर पांघरावी, ही यामागील कल्पना. या थराला दुमड घालून टाके घेणे, त्याची एक पट्टी कापून कडा जोडणे, किंवा तो सोडवून वर उचलणे, असे याचे पोटप्रकार आहेत. पट्टी कापण्याची पद्धत डॅनियल बेकर यांनी १९९७ मध्ये मांडली.

तिसरा टप्पा डीप प्लेनचा. अमेरिकेतील सॅम हॅमरा यांनी १९९० मध्ये हे तंत्र आणि १९९२ मध्ये त्याचे विस्तारित, संयुक्त रूप प्रसिद्ध केले. यात स्मासच्या खाली जाऊन, चेहऱ्याला जागच्या जागी धरून ठेवणारे बंध सोडविले जातात. मग त्वचा व स्मास एकसंधपणे उचलले जातात. उचललेला भाग जाड असल्याने त्याचा रक्तपुरवठा चांगला राहतो. मात्र चेहऱ्याच्या हालचाली घडविणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा या पातळीवर जवळ असतात. म्हणून शरीररचनेचे सूक्ष्म ज्ञान व अनुभव यांवाचून हे तंत्र धोक्याचे ठरते.

चौथ्या टप्प्यात प्रवाह उलटला. बेल्जियमचे तोनार व व्हेरपाले यांनी २००२ मध्ये लहान छेदाचे तंत्र मांडले. 'मॅक्स लिफ्ट' या नावाने ते ओळखले जाते. यात थर फारसा न सोडवता, बटव्याच्या नाडीसारखे टाके घालून तो सरळ वरच्या दिशेला ओढला जातो. खोलवर जाण्याच्या स्पर्धेला दिलेले हे एक उत्तर होते.

या चार टप्प्यांकडे पाहता एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक तंत्राने आपल्यापुरता वेगळा प्रश्न घेतला आहे. ताण कोणत्या थरावर द्यावा, ओढ कोणत्या दिशेने असावी, बंध सोडवावेत की नाही आणि छेद किती लांब असावा, हे चार भिन्न प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे एकाच शिडीच्या पायऱ्या मानून त्यांची क्रमवारी लावणे हेच मुळात सदोष आहे.

तुलनात्मक पुराव्याची चिकित्सा

या तंत्रांची प्रत्यक्ष तुलना करणारे अभ्यास थोडे आहेत. त्यांतील दोन विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिला आयव्ही, लोरेंक व ॲस्टन यांचा, १९९६ मधील. २१ रुग्णांच्या या अभ्यासात एकाच चेहऱ्याच्या दोन बाजूंवर दोन भिन्न तंत्रे वापरण्यात आली. एका बाजूला स्मासचे मर्यादित तंत्र, दुसऱ्या बाजूला विस्तारित किंवा संयुक्त तंत्र. या मांडणीचे बलस्थान असे की वय, त्वचा, आनुवंशिकता, सवयी हे सर्व घटक दोन्ही बाजूंना समान राहतात. वर्षभरानंतरही दोन बाजूंत उल्लेखनीय फरक दिसला नाही. हा निष्कर्ष प्रवर्तकांच्या दाव्यांना छेद देणारा होता. त्यावर एक आक्षेप मात्र घेता येतो. खोल तंत्रांचा दावा दीर्घकाळ टिकण्याचा आहे आणि एक वर्षाचा अवधी त्या दाव्याच्या परीक्षेला अपुरा आहे.

दुसरा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्यांवर चार नामवंत शल्यविशारदांनी चार भिन्न तंत्रांनी शस्त्रक्रिया केल्या आणि दहा वर्षांपर्यंत त्यांचे निरीक्षण झाले. अवधीचा आक्षेप येथे दूर होतो, आनुवंशिकतेचाही होतो. परंतु नवा पेच उभा राहतो. प्रत्येक शल्यविशारदाने आपल्या हातात बसलेले तंत्र वापरले. मग दिसणारे फळ तंत्राचे की हाताचे? शिवाय चार व्यक्तींवरून सर्वसामान्य नियम काढता येत नाही. म्हणजे एका अभ्यासाने रुग्ण स्थिर ठेवला, पण काळ अपुरा पडला. दुसऱ्याने काळ साधला, पण शल्यविशारद व तंत्र यांची गाठ सुटली नाही.

चँग, प्युसिक व रोहरिच यांनी २०११ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. कोणतेही एक तंत्र निर्विवादपणे श्रेष्ठ ठरविण्याइतका दर्जेदार पुरावा त्यांना आढळला नाही. तंत्र निकृष्ट आहे, असा याचा अर्थ नव्हे. दावे पुराव्याच्या पुढे धावले आहेत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

या अपुरेपणामागे काही कारणे दिसतात. निष्कर्षाचा मुख्य आधार छायाचित्र असतो. हनुवटी किंचित वर केली, प्रकाश समोरून घेतला, तरी गळ्याच्या व गालाच्या घड्या कमी दिसतात. बहुतेक वेळा फेसलिफ्टबरोबर पापण्या, मान यांवरील शस्त्रक्रिया किंवा चरबी भरणे हेही केले जाते, त्यामुळे श्रेय कशाचे हे ठरत नाही. परिणामाचे मूल्यमापन पुष्कळदा शस्त्रक्रिया करणाराच करतो. परीक्षार्थीनेच आपली उत्तरपत्रिका तपासावी, असा हा प्रकार आहे. आणि ज्यांचे निकाल समाधानकारक नसतात, असे रुग्ण पुढील तपासणीस फिरकत नाहीत. त्यांची अनुपस्थिती आकड्यांत यश म्हणून जमा होण्याचा संभव असतो.

'खोल' आणि 'वरवरचे' : भाषेचा प्रभाव

तंत्रांच्या या चर्चेत भाषाही नकळत निवाडा करते, याकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. मराठीत 'सखोल' हा गौरवाचा शब्द आहे आणि 'वरवरचे' हा उणेपणाचा. अभ्यास सखोल असावा, वरवरचा नसावा, असे महाविद्यालयात नित्य सांगितले जाते. इंग्रजीतही अर्थाची अशीच छटा आहे. त्यामुळे 'डीप प्लेन' हे नाव उच्चारताच ते तंत्र अधिक मूलगामी व प्रामाणिक असल्याचा भास होतो. वास्तविक शरीरात खोली हे केवळ अंतर आहे, ते मूल्य नव्हे. खोल गेल्याने बंध सुटतात हा लाभ आणि मज्जातंतू जवळ येतो ही जोखीम, ही दोन्ही त्याच अंतराची फळे आहेत. एखाद्या रुग्णास खोल तंत्र उपकारक ठरेल, दुसऱ्यास मर्यादित तंत्र. नावातील गौरवामुळे हा विवेक सुटू नये.

निकष कोणाचा?

तुलनेचे निकष ठरविताना जोखमीचा विचार अग्रभागी असणे आवश्यक आहे. कोणत्याही फेसलिफ्टनंतरची सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत म्हणजे त्वचेखाली रक्त साकळणे. पुरुषांत तसेच उच्च रक्तदाब असणाऱ्यांत तिचे प्रमाण अधिक असते. धूम्रपान करणाऱ्यांत ताणलेल्या त्वचेचा काही भाग मृत होण्याचा धोका वाढतो. कानाच्या पाळीला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूला इजा झाल्यास तेथे बधिरता येते. चेहऱ्याच्या हालचालींच्या मज्जातंतूला होणारी इजा क्वचित घडते, परंतु घडल्यास तिचे मोल फार मोठे असते. ही शस्त्रक्रिया रोगावर नसून निरोगी शरीरावर केली जाते. त्यामुळे अल्प जोखीमही येथे जड ठरते.

भारतीय संदर्भात आणखी एक मुद्दा आहे. उपलब्ध तुलना मुख्यतः युरोप-अमेरिकेतील रुग्णांवर आधारलेल्या आहेत. गडद वर्णाच्या त्वचेत व्रण जाड होण्याची व डाग पडण्याची प्रवृत्ती अधिक असते. अशा त्वचेवर छेदाची लांबी व ताणाची जागा यांना थराच्या खोलीइतकेच, कदाचित अधिक, महत्त्व द्यावे लागेल. परदेशातील क्रमवारी तशीच्या तशी येथे लागू करणे शास्त्रीय म्हणता येत नाही.

रुग्णाचे स्वतःचे मत मोजण्याचा पद्धतशीर प्रयत्न अलीकडचा आहे. 'फेस-क्यू' ही चेहऱ्याच्या सौंदर्योपचारांसाठीची प्रश्नावली २०१० पासून मांडली गेली. रुग्णाला स्वतःचा चेहरा कसा वाटतो, समाजात वावरताना त्याला काय जाणवते, हे तीत रुग्णाकडूनच विचारले जाते. पुण्याच्या पत्रात कावसजीला जो प्रश्न विचारला गेला नाही, तो विचारला जाण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला. तरीही तंत्रांच्या तुलनेत या उत्तरांना छायाचित्राच्या बरोबरीचे स्थान मिळालेले दिसत नाही.

गंजाडच्या चित्रपरंपरेचा आरंभी केलेला उल्लेख येथे प्रस्तुत ठरतो. ज्या परंपरेत माणूस हालचालीवरून ओळखला जातो, तेथे सुरकुती हा दोष ठरत नाही. चेहऱ्यावरील वय हा दोष आहे की नाही, हे शरीरशास्त्र सांगत नाही, ते समाज ठरवितो. म्हणून एखाद्या व्यक्तीने ही शस्त्रक्रिया निवडणे निंद्य ठरत नाही. मात्र ती निवड निसर्गाच्या चुकीची दुरुस्ती म्हणून तिच्यापुढे ठेवली जात असेल, तर ती दिशाभूल होय.

निष्कर्ष

१. फेसलिफ्टची तंत्रे एकाच प्रश्नाची उत्तरोत्तर चांगली उत्तरे नसून भिन्न प्रश्नांची उत्तरे आहेत. त्यामुळे त्यांची सरसकट क्रमवारी लावणे युक्त नाही.

२. उपलब्ध तुलनात्मक अभ्यासांवरून कोणतेही एक तंत्र सर्वांसाठी श्रेष्ठ असल्याचे सिद्ध होत नाही. रुग्ण, काळ आणि शल्यविशारदाचे कौशल्य हे तिन्ही घटक एकाच वेळी स्थिर ठेवणे अत्यंत कठीण आहे.

३. १७९४ ची पुण्याची नोंद कृतीच्या नेमकेपणाचा आदर्श आहे आणि जवळजवळ सर्वच शस्त्रक्रिया यशस्वी होतात या दाव्याबाबत सावध करणारा धडाही आहे. तिच्याकडे केवळ अभिमानाचा विषय म्हणून पाहणे अपुरे ठरते.

४. तुलनेचा निकष तंत्र वापरणाराच ठरवितो, तोवर ती तुलना एकांगी राहते. रुग्णाचे मत, येथील त्वचेचे वास्तव आणि जोखमीचा प्रामाणिक हिशेब यांना तीत समान स्थान मिळणे आवश्यक आहे.

एखादे तंत्र श्रेष्ठ असल्याचे कोणी सांगितले, तर ते कोणासाठी, किती काळासाठी आणि कोणत्या किंमतीवर, हे तीन प्रश्न विचारणे हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य आहे. हे प्रश्न विचारण्यास शल्यविशारद असावे लागत नाही.